खुडूक

पहाटे साडेपाचला पोस्टातून फोन.
"ऐली, तुझं पार्सल ओरडतंय.
लवकर ये, मला पत्रं लावू देईना."

झग्यावर रेनोचं जाकीट चढवलं नि निघाले.
सुपीरियर तलावावरून वारा असा येत होता
की जून लागल्याचं त्याला कुणी कळवलंच नसावं.
बर्फ लोटायचं फावडं अजून दाराशीच आहे.
लवकर आत ठेवलं की हटकून पडतो,
असं रेनोची आई म्हणायची,
आणि तिला खोटं पाडायला
या घरात कुणी धजलं नाही.

खोक्याला भोकं, भोकांतून चोची.
पंचवीस मागवली होती, सव्वीस भरलेली,
एखादं वाटेत जाईल म्हणून वरचं एक.
एक गेलंच होतं.
ते मी जाकिटाच्या खिशात घातलं.
मार्लिस शिक्का मारत राहिली,
ज्यावर आधीच मारला होता त्यावरच.

घरी रेनो खिडकीत.
खुबा नवा, बाकी माणूस जुना.
मांडीवर दुर्बीण, हातात लाकडी चमचा.
काचेवर एक टोला: कोबीकडे बघ.
दोन: शेळी सुटली.
तीन: कॉफी.
अर्धा एकरही नाही हे परस,
पण एवढी हुकूमत
कुठल्या राजानं गाजवली नसेल.

दिवसभर रुबार्ब कापला, बटाट्यांना माती ओढली,
कानामागे काळी चिलटं चावून चावून
रक्ताचा ओघळ वाळला, तो संध्याकाळी आरशात दिसला.
लायलॅक आत्ता कुठे फुलतोय.
मधमाश्या त्याच्यावर अशा तुटून पडल्यात
जणू उद्या दुकान बंद.

मग रेडिओ म्हणाला, आज रात्री दव गोठणार.
टोमॅटो बाहेर लावून आठच दिवस झालेले.
कपाट उपसलं.
चादरी, पलंगपोस, लग्नातला टेबलक्लॉथ,
ज्यावर बेचाळीस वर्षं कुणाला सूप सांडू दिलं नाही,
आणि रेनोचे दोन पायजमे.
कडांवर दगड ठेवले.
साडेनऊलाही उजेड होता,
आणि वाफे असे दिसत होते
की लांबचे पाहुणे आलेत
आणि घरात जागा नाही.

दोन टोले.
शेळीनं पायजम्याचा एक पाय संपवला होता.

अंधार पडल्यावर खुराड्यात गेले.
तांबडी तीन आठवडे खुडूक बसलेली,
एका गोल्फच्या चेंडूवर.
उचलून खाली ठेवली की परत चढायची,
पाण्यात पाय बुडवले तरी परत,
छातीची पिसं झडून कातडं दिसायला लागलेलं.
मीही म्हटलं, बस बाई.

बॅटरीवर लाल फडकं गुंडाळलं.
तिच्या पोटाखाली हात घातला, ती गुरगुरली.
एक पिल्लू सरकवलं. मग दुसरं.
सहा झाली.
बाकीची सौनात, दिव्याखाली, तिथे आज कुणी अंघोळ करणार नाही.
तिनं पंख थोडे सैल केले.
मग घशातून एक आवाज काढला,
बारीक, तुटक,
जो या तीन आठवड्यांत मी ऐकला नव्हता.
तो तिला कुणी शिकवला, विचारू नका.

चेंडू काढून घेतला. चांगलाच ऊबदार होता.
खिशात टाकायला गेले
तर तिथे सकाळचं ते होतं.
दिवसभर होतं.
वाकताना, ओढताना, शेळीमागे धावताना
माझ्याबरोबर सगळं परस हिंडलं.

करवंदासारख्या त्या काळ्या फळांच्या झुडपाखाली,
जिथे माती मऊ आहे,
हातानंच उकरलं.
आकाश तोवर स्वच्छ झालं होतं, वाईट लक्षण.
बोटं गार पडली. दुसऱ्या मुठीत चेंडू,
तो मात्र निवायला तयार नव्हता.

खिडकीत दिवा नव्हता. मला वाटलं झोपला.
तेवढ्यात काच वाजली.
एक. दोन. तीन.
जरा थांबून, हळूच, चौथा.

चाराचं काही ठरलेलं नव्हतं आमचं.
हात झग्याला पुसले नि आत गेले.